माडीसकट घर

पाय वर घ्या. पडावाच्या बुडाशी चार बोटं पाणी साचलंय. त्या पाण्यात सुंभाने पाय बांधलेला एक कोंबडा आहे, कुणाच्या तरी पत्र्याच्या ट्रंकेचा कोपरा आहे आणि तुमची उजवी चप्पल आहे. चप्पल तरंगते आहे.

"पावणेनू, सपाता हातात घेवा, नायतर ती तुमच्या आदी किल्ल्यार पोचतली!" वल्हेवाला ओरडतो आणि सगळा पडाव हसतो. तुम्हीही हसून घ्या. काल भाऊच्या धक्क्यावर आगबोटीत चढल्यापासून हसण्यासारखं काही घडलेलं नाही. रात्रभर डेकवर पथारी टाकून पडला होतात. डाव्या बाजूला एक गिरणीकामगार घोरत होता, उजव्या बाजूच्या बाईने देवगड येईपर्यंत तीनदा ओकारी काढली, आणि इंजिनाच्या कोळशाची काजळी अजून तुमच्या कानात आहे.

साल १९३८, महिना माघ. खिशातल्या मोबाइलला इथे कोणी विचारणार नाही, पण चांदीचे रुपये मात्र नीट सांभाळा. देताना प्रत्येक रुपया दगडावर आपटून, खणखण ऐकूनच घेतला जाईल.

आगबोट मागे, खडकांपासून लांब उभी आहे. मालवणचं पाणी वरून शांत दिसतं, पण आत खडकच खडक, म्हणून मोठी बोट धक्क्याला लागतच नाही. माणसं, पोती, कोंबडे, नवऱ्या मुली, सगळे पडावात उतरतात. पाण्यातून उगवल्यासारखा सिंधुदुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधून घेतलेला तो तट पहाटेच्या धुक्यात अर्धा पुसलेला आहे. उजेड जमिनीकडून येतोय, माडांच्या शेंड्यांवरून. वाराही तिकडूनच येतोय, गार, मतलई. आणि त्या वाऱ्याबरोबर मालवण तुम्हाला पहिल्यांदा भेटतं ते नाकात: सुकत घातलेली मासळी, ओला सुंभ, जळणारी सोडणं, शेणाचा सडा, आणि या सगळ्याच्या मागे किंचित आंबूस, किंचित गोड असा एक वास, जो तुम्हाला ओळखता येत नाही. लक्षात ठेवा तो वास. त्याच्यापायीच तुम्ही फसणार आहात.

कशाला आलात, आठवतंय ना? गिरगावात खानावळीत जेवताना शेजारच्या पाटावरच्या माणसाने एक पत्र दाखवलं होतं. मालवण बंदराजवळ रस्त्यालगत चिरेबंदी घर, खाली चालती खानावळ, परसात माड, माडीसकट विकणे आहे. तुमचे डोळे चमकले. खाली जेवण, वर मुक्कामाच्या खोल्या, मागे पिण्याची सोय, समोर समुद्र! तुमच्या काळात ज्या पाटीवर 'रेस्टॉरंट, बार, लॉजिंग' लिहितात ते सगळं एका घरात, आणि तेही आगबोटीच्या तोंडाशी. 'माडीसकट' हा शब्द तर तुम्ही दोनदा वाचलात.

पडाव वाळूला टेकत नाही. शेवटच्या वीस-पंचवीस हातांत पाणी उथळ आहे आणि तिथे खांद्यांचा धंदा चालतो. एक काळा, तेलासारखा चकाकणारा माणूस पाठ वळवून उभा राहतो. बसा. लाजू नका, सरकारी कारकूनही असाच उतरतो. तुमच्या मांड्यांखाली त्याचे खांदे थरथरतात, त्याच्या मानेला मिठाचा आणि विडीचा वास येतो, आणि पुढच्या क्षणी तुम्ही गार, घट्ट वाळूवर उभे आहात. हातात एकच चप्पल. दुसरी एक पोरगं पाण्यातून धावत आणून देतं आणि हात पुढे करून उभं राहतं. एक पैसा द्या.

किनाऱ्यावर गलका आहे. रापण ओढली जाते आहे. पन्नास-साठ माणसं दोन रांगांत, कमरेला दोर लावून, टाच वाळूत रोवून मागे मागे सरकताहेत. एक जण ओरडतो, बाकीचे हुंकारतात, आणि प्रत्येक हुंकाराला दोर एक पाऊल बाहेर येतो. जाळ्याचं पोट वाळूवर येतं तेव्हा पाणी उकळल्यासारखं वाजतं: बांगडे. चांदीसारखे, निळ्या पाठीचे, तडफडणारे बांगडे. कावळे, कुत्री, पाट्या घेतलेल्या गाबतिणी, सगळे एकदम पुढे सरसावतात. वाटे पडतात. ज्याचं जाळं त्याचा वाटा, ज्याची होडी त्याचा, ज्याने दोर ओढला त्याचा. तुम्ही बघत उभे राहता आणि तुमच्या पायावर एक बांगडा येऊन आपटतो. तो तुमचा नाही. ठेवा खाली.

चला बाजारात. रस्ता अरुंद, तांबडी माती, दोन्ही बाजूंना फळ्यांची दुकानं. दुकानदार एकेक फळी खोबणीतून काढून भिंतीला लावतोय, त्याचा खटखट आवाज गल्लीभर पसरतोय. गुळाच्या ढेपेवर गांधीलमाशा. काथ्याचे दोर साप झोपल्यासारखे गुंडाळलेले. तेलाच्या घाण्याचा करकर आवाज. एका ठिकाणी म्हातारी खाजं विकतेय. गुळाच्या पाकात आलं घातलंय, घशात चुरचुरेल. घ्या एक पुडी. फोवकांड्या पिंपळाच्या बाजूने जाताना चार माणसं तुम्हाला आपादमस्तक न्याहाळतील. कोण, कुणाचे, कशाला आलात, हे त्यांना आधीच कळलंय. तुमची बोट दिसण्याच्या आधी कळलंय.

आणि हे घर.

रस्त्याकडची बाजू जांभ्या दगडाची, चिरे असे नेमके बसवलेले की सुरी शिरणार नाही. पुढच्या छपरावर मंगलोरी कौलं, तांबडीलाल. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि मग ही चपटी कौलं गलबतं भरभरून किनाऱ्याने वर आली. मागच्या चुलीवर मात्र अजून जुने गोल नळे आहेत. दलाल तुम्हाला पुढचं छप्पर दाखवेल. तुम्ही मागचं बघा. नळे दर वर्षी पावसाआधी काढून परतावे लागतात, घर शाकारावं लागतं, आणि माकड एकदा वरून गेलं की सगळं पुन्हा.

"येवा, बसा," आतून एक बाईचा आवाज. "घर खय पळॉन जाता? पयला जेवा."

या काकी. गावात त्यांना सगळे काकीच म्हणतात. धाकट्या भावाची बायको. नवरा गेल्या पावसात गेला. कपाळ मोकळं, लुगड्याचा काचा घट्ट, हाताला हळद. घर विकायला निघालेले ते त्यांचे थोरले दीर. त्यांना आबा म्हणा. ते ओटीवर सुपारी कातरत बसलेत आणि मधला भाऊ मुंबईला लालबागेत असतो.

पाटावर बसा. जमीन नुकती सारवलेली, मांडीला गार लागते. चुलीचा धूर आधी डोळ्यांत येतो आणि मग पोटात भूक होऊन उतरतो. आतल्या बाजूला रगडा फिरतोय, घर्र घर्र, ओलं खोबरं आणि मिरची एकजीव होतेय. दुसरी एक पोर आदोळीवर नारळ खवतेय. केळीच्या पानावर लाल उकड्या तांदळाचा भात पडतो, वाफाळता, दाणा न् दाणा जाड. त्याच्यावर बांगड्याचं तिखलं. पहिला घास घ्या. आधी आमसुलाची आंबट कळ, मग मिरची, मग काहीतरी झिणझिणतं, जिभेचा शेंडा जरा बधिर होतो. ते तिरफळ. ते चावायचं नसतं हे तुम्हाला आता कळलं. शेजारचा पडाववाला न बोलता सोलकढीची वाटी तुमच्याकडे सरकवतो. फिकट गुलाबी, गार, लसणाची. प्या. आता बरं वाटलं?

जेवता जेवता आजूबाजूला बघा, कारण घर बघण्याची हीच वेळ आहे. या ओळीत कोण बसलंय, त्या ओळीत कोण, हे आपोआप ठरलेलं आहे. कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही. काही जण पानावर जेवतात, काही स्वतःची ताटली घेऊन येतात. आणि पडवीबाहेर, माडाच्या सावलीत, एक माणूस उभा आहे. त्याचं जेवण त्याच्या हातातल्या पानावर वरून टाकलं जातं. पैसे तो उंबऱ्यावर ठेवतो. काकी त्यांच्यावर पाणी शिंपडून उचलतात. तुम्हाला घास लागतो. लागायलाच हवा. या घरात काय काय विकत घेताय, त्यात हा उंबराही आहे.

आता वर चला. जिना शिसवी नाही, फणसाच्या लाकडाचा आहे, आणि तिसरी पायरी कुरकुरते. वरच्या मजल्यावर चार खोल्या. पहिल्या खोलीत कोर्टाच्या तारखेला आलेले दोन शेतकरी, उशाशी कागदांची गाठोडी. दुसऱ्या खोलीत मुंबईचा फिरता विक्रेता, त्याच्या पेटीतून साबणाचा वास. तिसऱ्या खोलीचं दार ढकला, हळूच.

घाबरू नका. तो रावण आहे. दशावताराची कंपनी काल रात्री जवळच्या जत्रेत खेळ करून आलीय. रावण उघडाबंब, गालावर अर्धा पुसलेला तांबडा रंग, तोंड उघडं टाकून घोरतोय. त्याच्या बाजूला मंदोदरी. मिशी बारीक, डोळ्यांत काजळ, हातात अजून बांगड्या, पायांवर चिखल. खुंटीला मुकुट. संध्याकाळी हाच रावण हा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावी चालत जाईल. भाडं? कंपनीने मागच्या जत्रेचंही दिलेलं नाही. आबा म्हणतात, देवाच्या कामाची माणसं, मागायचं कसं.

चौथ्या खोलीची खिडकी उघडा. समोर माड, माडांमधून समुद्र, समुद्रात किल्ला. खारा वारा आता सुटलाय, खिडकीची फळी वाजतेय. बिजागऱ्यांवर बोट फिरवा: तांबडी पूड. सगळं लोखंड इथे दोन पावसाळ्यांचं पाहुणं. पण तुम्ही बिजागऱ्या बघत नाही. तुम्ही समुद्र बघताय. दलाल हे ओळखून आहे. तो मुद्दाम गप्प उभा राहतो.

आणि आता परसात, त्या वासाकडे.

मागची पडवी झापांनी शाकारलेली आहे. आत काळोख, उकाडा, विडीचा धूर. जमिनीत अर्धी पुरलेली मडकी, तोंडाला फडकं. फेस फडक्यातून बाहेर येऊन सूं सूं बोलतोय. तोच आंबूस गोड वास, आता इतका दाट की जणू कपड्यांना चिकटतो. रापण ओढून आलेली माणसं भिंतीला टेकून बसलीत, कोणी बोलत नाही. समोर भाजलेला सुका बांगडा, मीठ, मिरची. एक जण बांगडा हातानेच मोडतो, काटा कुत्र्याला टाकतो. मागच्या झापातून डोक्यावर पंचा घेतलेला एक माणूस आत शिरतो, एका दमात पितो, आणि तसाच बाहेर जातो. तो कचेरीतला आहे. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. चार दिवसांनी तुमचं काम त्याच्याच टेबलावर आहे.

भंडारी बाहेर माडावरून उतरतोय. कमरेला धारदार कोयती आणि भोपळा, पायांत काथ्याचं कडं. पोय बांधायची, तिला ठोकून ठोकून मऊ करायची, रोज तिचं टोक पातळ कापायचं, आणि मग थेंब थेंब रस मडक्यात. सकाळची माडी गोड, दुपारची डोकं धरणारी, उद्याची आंबट. जरा चाखा. करवंटीतून. जिभेवर आधी शहाळं, मग ताक, मग कानामागे ऊब.

त्या उबेत तुम्ही आबांना म्हणता, "ठरलं. माडीसकट घेतो."

आबांची सुपारी थांबते. दलाल खोकतो. भंडारी माडाला टेकून हसू लागतो आणि मडक्यांपाशी बसलेली सगळी माणसं त्याच्याबरोबर हसतात. आबा अडकित्ता उचलतात. आधी वरच्या मजल्याकडे, मग मागच्या पडवीकडे.

"ही माडी तुमची," ते म्हणतात. "ती माडी सरकारची."

उतरली का? वरचा मजला म्हणजे माडी. माडाचा रस म्हणजे माडी. पत्रात कोणती होती ते तुम्ही विचारलंच नाही. माड तुमच्या परसात असतील, पण त्यांचा रस काढायचा तर आबकारी खात्याचा परवाना हवा. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यापासून ते तसंच आहे. खोडावरचा तो आकडा दिसतो? तो आबांनी घातलेला नाही. आणि मडक्यापाशी बसून विकायचा हक्क वर्षापुरता असतो. यंदा ज्याच्याकडे गुत्ता आहे तो आबांना पडवीचं भाडं देतो. पुढच्या वर्षी गुत्ता दुसऱ्याकडे गेला तर तो स्वतःची पडवी शोधेल. माणसंही त्याच्यामागे जातील. पिणारा माणूस भिंतीच्या मागे जात नाही, मडक्याच्या मागे जातो.

बसा जरा त्या कातळावर. विहिरीचं पाणी प्या. समुद्र एवढ्या जवळ असून ही विहीर गोड आहे. या घरातली ही सगळ्यात महाग गोष्ट, आणि तिचा दलालाने उल्लेखही केलेला नाही. विहिरीच्या बाजूला शेंदूर फासलेला दगड आहे, त्याच्यापुढे विझलेली विडी आणि एक रिकामी करवंटी. जागेचा राखणदार. त्याला अधूनमधून माडी आणि विडी लागते. गेली कित्येक वर्षं तो उधारीवर पितोय. खरेदीखतात त्याचं नाव येत नाही, पण त्याला नारळ दिल्याशिवाय गावातला गवंडीसुद्धा तुमच्या घरी थापी उचलणार नाही.

दुपार. कचेरीसमोरच्या झाडाखाली अर्जनवीस बसलाय. टाक दौतीत बुडवतो, दोनदा झटकतो, एक थेंब तुमच्या धोतरावर. तो वाचून दाखवतो ते ऐका, कारण मराठीतली सगळ्यात श्रीमंत भाषा खरेदीखतात असते: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस समुद्रपुळण, येणेप्रमाणे चतुःसीमा, आतील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह. पाण्यापासून पुरलेल्या खजिन्यापर्यंत सगळं तुमचं. तुमची छाती फुगते.

"पण हिस्सेदार?" तो टाक कानावर ठेवून विचारतो.

तीन भावांचं सामाईक घर. आबा विकतात, मधल्याचं मुखत्यारपत्र मुंबईहून आलंय, धाकटा वारला. दलाल म्हणतो, धाकट्याची बायको काय, अन्नवस्त्राची धनी, तिला काय विचारायचं. अर्जनवीस मान हलवतो. कालपर्यंत बरोबर होतं, म्हणतो. गेल्याच वर्षी कायदा झालाय. १९३७ च्या एप्रिलपासून ज्या बाईचा नवरा वारेल, तिला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत नवऱ्याचा हिस्सा मिळतो, हयातीपुरता का होईना, आणि ती वाटणीही मागू शकते. तिच्याशिवाय कागद केलात तर एक हिस्सा तुमच्या पायाखालचा नाही. शिवाय राहत्या घराचा तुकडा बाहेरच्याने घेतला आणि वाटणीसाठी कोर्टात गेला, तर घरचं माणूस तो तुकडा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला परत घेऊ शकतं. तो कायदा तर १८९३ चा.

तुम्ही परत घरी जाता. काकी चुलीपाशी. त्यांना सगळं आधीच कळलंय. पिंपळापाशी कळलं असेल. आबा दारात उभे, त्या त्यांच्याशी थेट बोलत नाहीत. पोरीकडे बघून बोलतात.

"भावजींक सांग, घर इका, माड इका, पडवी इका. चूल इकूची नाय."

मग तुमच्याकडे वळतात. मागची खोली आणि ही चूल त्यांच्या हयातीपर्यंत त्यांची. खानावळ तुम्ही चालवा, पाटी तुमची लावा, हिशेब तुमचा. पण मसाला त्या करतील, आणि मसाल्याचं माप कुणाला सांगणार नाहीत. पैसे? पैशाचं त्या काही बोलत नाहीत. तुम्ही मुंबईचे, तुम्हाला वाटतं बाई व्यवहारात कच्ची. नीट विचार करा. रस्त्यावर तीन खानावळी आहेत. तुम्ही जेवताना बाकीच्या दोन रिकाम्या होत्या.

"कबूल," तुम्ही म्हणता. या अख्ख्या फेरीतलं तुमचं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य.

घराची किंमत? आबा आकडा सांगतात त्याच क्षणी बंदरातून परतीच्या आगबोटीचा भोंगा वाजतो, लांब, जाड, माडाच्या झावळ्या हलवणारा. मला ऐकू आला नाही. तुम्हाला आला असेल तर तुमच्यापाशीच ठेवा.

आता कौल. छपरावरचा नव्हे. संध्याकाळी सगळे मिळून देऊळवाड्यात रामेश्वराला जातात. समई, धूप, ओल्या दगडाचा गारवा, वटवाघळांचा वास. गुरव पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो: वाडवडिलांची जागा परक्या हातात जाता हा, काय चुकला माकला तर पोटात घाल, घेणाऱ्याक बरकत दी. प्रत्येक वाक्याला मागून सगळे, "व्हय म्हाराजा!" तुमचाही आवाज त्यात मिसळतो, नकळत. मग शांतता. कोणी श्वास घेत नाही. पाकळी हलते, थरथरते, आणि उजवी पडते. आबा डोळे पुसतात. विकायला निघालेल्या माणसाला मनातून डावी हवी होती की काय, कोण जाणे.

चार दिवस उडी मारू. काळात फिरणाऱ्याला एवढी सवलत असतेच. दुय्यम निबंधकाच्या खोलीत उकडतंय. शंभर रुपयांच्या वरची जागा, नोंदणी सक्तीची. साक्षीदार कण्हत सह्या करतात. काकी अंगठा उठवतात. निळ्या शाईच्या अंगठ्याच्या कडेला पिवळा डाग उमटतो. हळद. अख्ख्या दस्तात मसाल्याची नोंद तेवढीच. आणि ज्याला तुम्ही त्या दिवशी पडवीत पाहिलेलं नाही, तो कारकून मान वर न करता शिक्का मारतो.

झालं. घर तुमचं. आता एक काम करा. निघायच्या आधी माझ्याबरोबर पाच महिने पुढे या, आषाढात.

ओळखता येतंय का? समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो, दिवसरात्र, रेल्वेचा पूल जवळून जावा तसा. पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झापांची झड बांधली आहे, म्हणून घरात भर दुपारी चिमणी लावावी लागते. आगबोट बंद. पावसाळ्याचे महिने या किनाऱ्याला बोट येत नाही. चतुर्थीला यायचं तर चाकरमानी गाडीने कोल्हापुरास उतरून घाट उतरत येतो, बंदरावर पाय ठेवत नाही. होड्या झापांखाली उपड्या पडल्यात. वरच्या चार खोल्यांत बुरशी, गाद्यांना ओलीचा वास, आणि मंदोदरीने विसरलेली एक बांगडी. मागच्या पडवीत दोन माणसं. माड निसरडे झालेत, चढणाराच कमी चढतो. नळ्यांतून तीन ठिकाणी धार लागलीय, खाली तपेली, टप टप टप.

फक्त चूल पेटलेली आहे. काकींनी वैशाखातच आगोट भरून ठेवलीय: सुका बांगडा, गोलमा, आमसुलं, मीठ, मडकंभर मसाला. पाटावर तिघंच. पोस्टमन, कोर्टाचा बेलिफ आणि आगबोट चुकलेला एक विक्रेता, जो पाऊस संपायची वाट बघतोय. पानावर पेज आणि भाजलेला सुका बांगडा. तिघांचे पैसे रोज गल्ल्यात पडतात. सबंध घरातलं तेवढंच चाललेलं आहे, आणि ते दस्तात नाही.

अजून थोडं पुढे. ६ एप्रिल १९५०. मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी. मागच्या पडवीतली मडकी पालथी. खोडावरचे आकडे पावसाने पुसट होत जातात. माड पुन्हा नारळ देऊ लागतात. ज्यांनी गुत्त्याच्या भाड्यावर हिशेब मांडला होता, त्यांचा हिशेब त्या सकाळी संपला. आगबोटही पुढे कायमची थांबली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण ती मालवणला न येता कुडाळ-कणकवलीवरून गेली, आणि बंदराच्या तोंडाशी असणं म्हणजे काय, याचा अर्थच बदलला. तुम्ही चतुःसीमेत पश्चिमेला समुद्र लिहून घेतला होता. त्या समुद्रावरून येणारी माणसं लिहून घेता येत नव्हती.

बसा, परत आलो. ही तुमची खुर्ची, हा तुमचा फोन. धोतरावरचा शाईचा डाग मात्र धुवायला टाका.

आता तुम्ही खरोखरच तारकर्ली किंवा मालवणच्या बाजूला रेस्टॉरंट, बार आणि वर खोल्या अशी जागा बघत असाल, तर दोनदा जा. एकदा मे महिन्यात, गर्दीत. एकदा जुलैत, झडीत. परमिट रूमचा परवाना कोणाच्या नावावर आहे ते विचारा. तो आजही मुदत संपली की नवा करावा लागतो आणि उत्पादन शुल्क खात्याच्या परवानगीशिवाय भिंतींबरोबर हातात येत नाही. भरतीरेषा कुठून जाते ते मोजा, कारण १९९१ पासून किनाऱ्यावर काय बांधायचं ते तीच ठरवते. मुंबईतल्या हिस्सेदारांच्या सह्या मोजा, आणि बहिणींच्या सह्या आधी मोजा. विहिरीचं पाणी चाखा. मग स्वयंपाकघरात जा, चुलीपाशी कोण आहे ते बघा, आणि जागेचा मालक बदलल्यावर ते माणूस राहणार आहे का, हे इसार देण्याआधी त्यालाच विचारा. आणि कागदावर 'माडीसकट' असं लिहिलेलं असेल तर सही करण्यापूर्वी विचारा, कोणती माडी.